सहाखालची रेघ

५ ऑक्टोबर १९९८, सोमवार

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत मनातलं लिहायचं नसतं. किती वाजता काय टाकलं, किती वेळ ठेवलं, एवढंच, तेही शाईनं आणि खाडाखोड न करता. एकतीस वर्षं मी तेवढंच लिहीत आले. आज घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही घेतली, कारण आज जे झालं ते त्या नोंदवहीत मावणारं नाही.

आमच्याकडे डॉक्टरेट करणाऱ्या इल्वाच्या प्रबंधाचा चौथा धडा पुरा झाला. दुपारच्या कॉफीला फोल्केनं हिरव्या मार्झिपानचा केक आणला. फोल्के रेनमन म्हणजे आमचा प्रोफेसर, स्वतःच्या साठाव्या वाढदिवशी कोरड्या बिस्किटांवर भागवणारा माणूस. त्यानं केक आणला म्हणजे गोष्ट केवढी असेल!

नीट लिहून ठेवते, म्हातारपणी वाचताना अडायला नको. माणसाच्या शरीरात एक एन्झाइम असतं. नव्या प्रथिनाच्या धाग्याची नीट घडी घालणं हे त्याचं काम. घडी चुकली की गुठळ्या होतात, आणि त्या नसांत, पोटात, हृदयात जाऊन बसतात. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हा आजार रक्तातून चालत आलाय. आईला त्यानंच नेलं. ते एन्झाइम मी बनवते. आहे माणसाचं, पण माणसातून काढलेलं नाही. माणसाच्या जनुकाचा तुकडा बॅक्टेरियात घालायचा आणि त्यांच्याकडून करवून घ्यायचं. आम्ही त्याला लाडानं इस्त्रीवाली म्हणतो. तिच्या जोडीला मी एक बिघडवलेली इस्त्रीही बनवते. दिसायला तीच, फक्त मोक्याच्या जागेचा एक कण बदललेला, त्यामुळे ती काम करत नाही. काम करणारी ती गरम इस्त्री, ही थंड इस्त्री. गरम इस्त्रीनं जे होतं ते खरंच तिच्यामुळे होतं की नाही, हे थंडशी ताडून बघायचं.

आणि इल्वाला दिसलंय की थंड इस्त्रीनंसुद्धा गुठळ्या थांबतात!

"म्हणजे इस्त्री तापायला नकोच," फोल्के तोंडात केक असतानाच बोलत होता. "नुसता हात लागला तरी पुरे. मग तिचा एवढासा तुकडाही पुरेल. आणि एवढाशा तुकड्याचं औषध करता येतं."

प्रत्येक कुपीवर मी चिठ्ठी डकवते: फक्त संशोधनासाठी, माणसांना देऊ नये. आज ती डकवताना पहिल्यांदा वाटलं, कायम असंच लिहावं लागणार नाही.

घरी आल्याआल्या सिक्स्तेनला फोन केला. माझा थोरला भाऊ, आमच्या गावी, ब्युस्केला, एकटा राहतो. त्याच्यात तो आजार निघालाय. यकृत बदलणं हाच त्यावर एक उपाय, पण ती वेळ गेली, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं विचारलं, "म्हणजे औषध निघेल म्हणतेस?" मी हो म्हटलं, आमच्या पद्धतीनं. तो लगेच खेकसला, "ए धाकटे, तोंड उघड की! श्वास फोनवर ऐकू येत नाही."

आम्ही वरच्या, उत्तरेकडच्या भागातले लोक 'हो' म्हणायला शब्द खर्चत नाही. ओठ गोल करून श्वास आत ओढला की झालं. इल्वा दक्षिणेची, माल्मोची. इथे आली त्या पहिल्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिलेवी, तुला दमा आहे का?" वर्षभर सगळे हसत होते. आता पाच वर्षांनी ती इतकी सरावलीय की माझा नुसता श्वास ऐकला तरी कामाला लागते.

पाय फार गार पडतात. लोकरीचे नवे मोजे आणले, जाड.

११ ऑक्टोबर, रविवार

ब्युस्केला जाऊन आले. पाल्ट, म्हणजे बटाट्याचे उकडलेले गोळे, केले होते सिक्स्तेनसाठी, लोणी आणि लिंगोनबेरी घालून. दोन खाल्ले आणि अर्ध्या तासात न्हाणीघरात पळाला. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझे पाल्ट माझ्याकडे मुक्काम करत नाहीत. आले तसे निघतात." मी हसले. तो वाळलाय. हातात काठी आहे, पण ती मांजरीला हाकलायला आहे असं सांगतो.

मग नेहमीचं सुरू. "तू तपासून घेतलंस का?"

"मी अठ्ठावन्नची झाले. यायचं असतं तर आलं असतं."

"मला चौसष्टाव्या वर्षी आलं."

"तू सगळंच उशिरा करतोस."

विषय तिथेच संपवला. कॉफीची किटली चुलीवरून मीच उचलली, फडकं न घेता. घरी आल्यावर पाहिलं तर तळव्यावर हा एवढा फोड. प्रयोगशाळेत तीस वर्षं बर्फात हात घालून कातडी निबर झालीय, दुसरं काय!

१४ ऑक्टोबर, बुधवार

ज्या नियतकालिकाला निबंध पाठवला होता त्यांचं पत्र आलं. गोष्ट नवलाची आहे, पण नव्यानं बनवलेल्या एन्झाइमवर एकदा पुन्हा करून दाखवा, म्हणतात. इल्वा नाराज झाली. मी तिला म्हटलं, "तोंड कशाला पाडतेस? दहा दिवसांत दोन्ही इस्त्र्या ताज्या करून देते." प्रबंध छापखान्यात जायचा अठ्ठावीसला. तेरा नोव्हेंबरला तो रीतीप्रमाणे खिळ्यानं फळीवर ठोकायचा, चार डिसेंबरला सगळ्यांसमोर परीक्षा आणि जानेवारीत इल्वा हायडेलबर्गला. तिथली जागा तिच्यासाठी राखून ठेवलीय.

आजच बॅक्टेरिया लावले. काचेच्या दोन नळ्या हातातून पडून फुटल्या. हे नवे हातमोजे फार बुळबुळीत आहेत. मागवणाऱ्याला सांगायला हवं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

दोन्ही इस्त्र्या तयार आहेत. इतक्या शुद्ध माझ्या हातून क्वचितच झाल्या असतील. इल्वाला द्यायच्या आधी सहज गंमत म्हणून स्वतःच गुठळ्यांचा प्रयोग लावून पाहिला.

गरम इस्त्रीनं गुठळ्या थांबल्या. थंड इस्त्रीनं थांबल्या नाहीत. जराही नाहीत. ती घातली काय, साधं पाणी घातलं काय, सारखंच.

तीनदा केलं. माझंच काहीतरी चुकलं असणार.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

माझं चुकलंच आहे. पण काल नाही.

आज फ्रीझरमधून फेब्रुवारीचा डबा काढला, इल्वाने वापरलेला. सोळा कुप्या. एक ते आठ गरम, नऊ ते सोळा थंड. कुपीच्या झाकणावर फक्त आकडा असतो आणि झाकण असतं गोल. कुपी हातात फिरली की सहाचा नऊ होतो आणि नवाचा सहा. म्हणून सहा आणि नऊ या दोन आकड्यांखाली रेघ मारायची. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते आणि विसरला तर सगळ्यांदेखत सोलून काढते. फोल्केलासुद्धा एकदा सोडलं नव्हतं.

या डब्यात त्या दोन्ही कुप्यांवर रेघ नाही.

नवाच्या जागची कुपी इल्वाने वापरून जवळजवळ रिकामी केलीय. तळाशी उरलेला थेंब मोजला. गरम. सहाच्या जागची भरलेली आहे, तिला हातही लागलेला नाही. ती मोजली. थंड.

म्हणजे थंड समजून इल्वाने आठ महिने गरम इस्त्रीच वापरली. दोन्हीकडे गरम. मग दोन्हीकडे गुठळ्या थांबणारच! तिनं मोजून का पाहिली नाही, असं मनात आलं. पण का मोजावी? डब्यासोबतच्या कागदावर माझी सही होती.

कधी झालं तेही मला माहीत आहे. दहा फेब्रुवारी. थंड खोलीच्या दारापाशी भिंतीवरचा फोन वाजला. सिक्स्तेन होता. म्हणाला, "निघालं गं. आईचंच." मी आत गेले, डबा उचलला आणि तो हातातून निसटला. बोटांना तो धरलाय की सुटलाय हे कळलंच नाही. थंडीनं बोटं आखडली होती. कुप्या जमिनीवर घरंगळल्या. त्या दिवशी आकडे टाकून झाले होते, रेघा राहिल्या होत्या. गोळा करून जागच्या जागी लावल्या. शेवटच्या दोन हातात उरल्या होत्या तेव्हा इल्वा दारात आली आणि त्यातली एक उचलून म्हणाली, "ही नऊ ना?"

मी रडत होते. तिला दिसू नये म्हणून पाठ फिरवली आणि हुंदका आत घेतला. श्वास आत ओढला, बस्स.

तिला वाटलं, मी हो म्हटलं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

उद्या सांगेन.

सांगायचं काय हे ठरलेलं आहे, चार वाक्यं आहेत. पण चौथ्या वाक्यानंतर काय होईल ते डोळ्यांसमोर येतं आणि मी पहिलंही बोलत नाही. चौथा धडा गेला की प्रबंध गेला, कारण आधीचे तीन धडे चौथ्यासाठीच लिहिलेत. हायडेलबर्ग जाईल. तिचे आईवडील माल्मोहून गाडीनं येणार आहेत, एवढ्या बर्फातून.

आणि सिक्स्तेन. त्याला काय सांगू?

दुसरी बाजूही आहे. समजा इल्वा गेली हायडेलबर्गला. आज ना उद्या दुसरं कोणी हा प्रयोग करील, जमणार नाही, मग ते लिहितील की जमला नाही. विज्ञानात हे नेहमी चालतं. कोणी मरत नाही त्यानं.

वरचं वाक्य मीच लिहिलंय. वाचून लाज वाटली. पण शाईनं लिहिलंय, खोडणार नाही.

२८ ऑक्टोबर, बुधवार

आज खोटं बोलले.

इल्वा सकाळीच आली. "हिलेवी, झाल्या का इस्त्र्या? छापखान्यात द्यायच्या आधी एकदा करून पाहते. म्हणजे छातीवर हात ठेवून सांगता येईल."

मी म्हटलं, "शुद्धीकरणाचा कॉलम खराब निघाला. पुन्हा करावं लागेल."

"अरेरे! तुझ्या हातून कधी काही खराब होत नाही."

"म्हातारी झाले."

"हॅट! तू आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाशील."

गेली. ताज्या इस्त्र्या फ्रीझरच्या सगळ्यात खालच्या खणात मागे सारल्यात, वर बॅक्टेरियांचा गोठवलेला रस्सा ठेवून. दुपारी प्रबंध छापखान्यात गेला. जाण्याआधी तिनं मला आभाराचं पान दाखवलं, म्हणाली, "तुला आधीच दाखवते, नाहीतर त्या दिवशी रडशील." फोल्केला दोन ओळी आहेत. आईवडिलांना तीन. मग लिहिलंय: 'हिलेवी बुर्स्ट्रोमला. तिनं सहाखाली रेघ मारली असेल तर मी डोळे मिटून पुढे जाते.'

मी म्हटलं, छान आहे. आणि काम आहे म्हणून थंड खोलीत जाऊन उभी राहिले.

३१ ऑक्टोबर, शनिवार

सर्व संतांचा दिवस. ब्युस्केला आईच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. तीन वाजताच अंधारून आलं. सगळ्या दफनभूमीवर बारीक बारीक ज्योती होत्या. सिक्स्तेनला फाटकापासून थडग्यापर्यंत यायला पंधरा मिनिटं लागली. मी आधार द्यायला गेले तर म्हणाला, "तूच कुठे नीट चालतेस? पाय आपटत चालतेस, आई चालायची तशी."

"बर्फावर सगळेच असे चालतात."

मेणबत्ती पेटवायला मला सहा काड्या लागल्या. वारा होता.

मग घरी कॉफी पिताना त्यानं सांगितलं की गावात सगळ्यांना थंड इस्त्रीची गोष्ट त्यानं सांगितलीय. वाण्याला, पाद्रीणबाईंना, समोरच्या एस्किलला, ज्याच्या मुलीलाही तेच आहे. "मी त्यांना म्हटलं, आमची धाकटी बनवते ते. पहिलं माझ्यावर करा म्हणावं तुझ्या त्या प्रोफेसरला. उंदरांपेक्षा मी स्वस्तात पडेन, खाणं टिकतच नाही पोटात."

आणि हसला. फेब्रुवारीपासून मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. काय करू मी? देवा, काय करू?

१० नोव्हेंबर, मंगळवार

दहा दिवस काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही केलंच नाही.

आज सांगणार होते. दार लोटलं, तिला बसवलं, म्हटलं, "इल्वा, फेब्रुवारीच्या त्या डब्याबद्दल..." तेवढ्यात छापखान्याचा माणूस खोकी घेऊन आला. दोनशे प्रती. तिनं एक उघडली, नाकाला लावली, शाईचा वास घेतला आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "हं, काय म्हणत होतीस? डब्याचं काय?"

"काही नाही. टाकून देऊ का, विचारत होते."

"छे, छे! तो डबा संग्रहालयात ठेवायचा."

माझं वजन पाच किलो उतरलंय. काळजीनं माणूस वाळतोच. ब्लाउजची बटणं लावायला फार वेळ लागतो हल्ली, म्हणून आता डोक्यावरून घालायचे स्वेटर काढलेत.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. जसं झालं तसं लिहिते.

प्रबंध ठोकायची फळी खालच्या दालनात आहे. जिन्याशेजारी, जाड पाईनची, शेकडो खिळ्यांनी चाळण झालेली. परीक्षेच्या तीन आठवडे आधी प्रबंध तिथे खिळ्यानं ठोकायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावा, कुणाला चूक सापडली तर वेळेत सांगता यावी. त्यासाठीच ही रीत आहे. मी आजवर चाळीसेक प्रबंध ठोकताना पाहिले, पण असं का करतात याचा विचार आजच मनात आला.

दुपारी दोनला सगळे जमले. फोल्केनं फेसाळती वाइन आणली होती. इल्वाने निळा पोशाख घातला होता. हातोडा हातात घेऊन ती म्हणाली, "खिळा हिलेवी धरील. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी गेले आणि खिळा धरला. प्रबंधाच्या कोपऱ्यात आधीच भोक पाडलं होतं, त्यात टोक टेकवलं. पहिला ठोका बरोबर बसला. दुसऱ्याच्या वेळी कुणीतरी फोटो काढला, इल्वाने तिकडे पाहिलं आणि हातोडा सटकला.

मला फक्त आवाज आला. वाटलं, फळीवर बसला असेल. मी खिळा तसाच धरून उभी राहिले. तेवढ्यात सगळ्यांनी एकदम श्वास आत ओढला. पण तो होकार नव्हता. माझ्या नखाखालून रक्त प्रबंधाच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर ओघळत होतं आणि मी त्या रक्ताकडे बघत होते, जसं काही ते दुसऱ्याच कुणाचं आहे.

"अगं, बर्फ आणा!" फोल्के ओरडला.

इल्वा हलली नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. पाच वर्षं तिनं या एकाच आजाराचा अभ्यास केलाय. हळूच म्हणाली, "दुखत नाही तुला?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही."

"कधीपासून, हिलेवी?"

आणि मी म्हटलं, "फेब्रुवारीपासून." कारण मला वाटलं, ती डब्याबद्दल विचारतेय. बावीस दिवस माझ्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं. मी बोलतच गेले. फोन, डबा, कुप्या, राहिलेल्या रेघा, ती दारात आलेली, माझा हुंदका. मग ताज्या इस्त्र्या, रश्श्याखाली दडवलेल्या. चार वाक्यांत मावेल म्हणत होते, किती बोलले कुणास ठाऊक. ग्लासातल्या वाइनचे बुडबुडे ऐकू येत होते.

माझं संपल्यावर इल्वा म्हणाली, "मी तुझ्या हाताबद्दल विचारत होते."

मग तिनं हातोडा उलटा केला, त्याच्या फाट्यात खिळ्याचं डोकं धरलं आणि खिळा उपटला. एकाच झटक्यात. प्रबंध खाली पडला. तो कुणीच उचलला नाही. शेवटी मी उचलला.

१६ नोव्हेंबर, सोमवार

परीक्षा रद्द झाली. फोल्केनं नियतकालिकाला पत्र लिहून निबंध मागे घेतला. माझ्यावर तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "एकतीस वर्षं, हिलेवी," आणि चष्मा पुसत बसला.

हायडेलबर्गवाले थांबणार नाहीत. चौथा धडा पुन्हा करायला निदान दीड वर्ष लागेल, आणि त्यातून काही निघेलच असं नाही. इल्वाचे आईवडील येणार नाहीत.

दुपारी इल्वा थंड खोलीत आली. मी जायला निघाले तर म्हणाली, "थांब." आम्ही दोघी चार अंश तापमानात कोट घालून उभ्या.

"डबा पडला त्याचं मला काही नाही," ती म्हणाली. "कुणाच्याही हातून पडतो. रेघ नव्हती हे मलाही दिसलं होतं. म्हणून तर विचारलं ना मी तुला. पण तू बावीस दिवस माझ्याबरोबर कॉफी प्यायलीस. माझ्या आईसाठी कार्डिगनचा रंग निवडून दिलास!"

"हो."

"नीट बोल. श्वास नको."

"हो," मी म्हटलं. मघाशीही तोंडानंच म्हटलं होतं. पण ते तिला सांगून काय उपयोग?

"का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी, तुझं नुकसान होईल म्हणून. ती तशीच बघत राहिली. मग म्हटलं, सिक्स्तेनसाठी. तरी बघत राहिली. मग माझ्या तोंडून आपोआप आलं, "डबा हातातून का पडला, ते सांगावं लागलं असतं."

इल्वाने माझा हात हातात घेतला. पट्टी बांधलेला अंगठा सोडून बाकीच्या बोटांची टोकं एकेक करून दाबली. दरवेळी विचारलं, "कळतंय?" मग हात सोडून दिला, हळूच, पण सोडून दिला. जाताना म्हणाली, "तुला मी माफ करीन असं मला वाटत नाही. पण डॉक्टरकडे जा. उद्या जा. मी फोन करून वेळ घेतलीय."

१७ नोव्हेंबर, मंगळवार

गेले. पायाला सुया टोचून पाहिल्या. डोळे मिटायला लावून पायाचा अंगठा वर आहे की खाली, विचारलं. मी प्रत्येक वेळी ठामपणे सांगितलं. डॉक्टरीण तरुण होती. लिहिता लिहिता म्हणाली, "दहातले चार बरोबर." रक्त घेतलं. उत्तर यायला महिना लागेल, म्हणाली. मला कशाला महिना हवा!

बसची वाट बघताना ही वही पहिल्यापासून वाचली. मोजे. किटली. हातमोजे. काड्या, वारा, बटणं. सगळं तारखेनिशी, माझ्याच अक्षरात. एखाद्या शिकाऊ मुलीनं अशी नोंद ठेवून वर तिचा अर्थ लावला नसता, तर मी तिला सगळ्यांदेखत सोलून काढली असती.

२२ नोव्हेंबर, रविवार

सिक्स्तेनला फोन केला. ब्युस्केला जाऊन सांगायला हवं होतं, पण त्याच्यासमोर बसून बोलायचा धीर झाला नाही.

म्हटलं, "थंड इस्त्री थंडच आहे, सिक्स्तेन. तिनं काही होत नाही. माझी चूक झाली होती."

त्याच्याकडे घड्याळ आहे भिंतीवर, आईचं. त्याची टिकटिक येत होती.

"म्हणजे औषध नाही."

"नाही. निदान आपल्या हयातीत नाही."

"आता एस्किलला जाऊन सांगावं लागेल मला," तो म्हणाला. "मुलीचं नाव काढून रडला होता तो माझ्या स्वयंपाकघरात." मग थोड्या वेळानं, "आणि त्या तुझ्या माल्मोच्या पोरीचं काय?"

"तिचं सगळं गेलं. माझ्यामुळे."

"तुझ्या हातून चूक होत नसते. तू लहानपणी माझ्या गोट्यासुद्धा आकडे टाकून ठेवायचीस. कशी झाली?"

"डबा पडला हातातून."

पुन्हा घड्याळ. मला माहीत होतं आता काय येणार. फोन ठेवून द्यावा असं वाटलं. नाही ठेवला.

"धाकटे," तो म्हणाला, इतक्या हळू की मला फोन कानावर दाबावा लागला. "तुलापण आहे ना?"

तोंडानं सांगायचं असं ठरवलं होतं. शब्द तयार होता. पण तोंड उघडलं आणि नुसता श्वास आत गेला.

या वेळी तो खेकसला नाही.